टँकरची रेकॉर्ड

नव्या जिल्ह्याचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले, हेडमास्तरांनी दोन्ही हात वर करून भाषण केलं आणि उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून सगळे मास्तर खूश झाले. मीही पेढा खाल्ला. पेढ्यावर माझा राग नव्हता. पण माझं घर नांदेडला होतं, आणि नांदेड आधीही दुसरा जिल्हा होता, आताही दुसराच राहिला. उलट नुकसानच झालं. नांदेडला बदली मागणारा माझा अर्ज उस्मानाबादला पडून होता, तो या वाटणीत कुणाला सापडेना. उस्मानाबादवाले म्हणायचे, लातूरला पाठवला. लातूरवाले म्हणायचे, आमच्याकडं अजून टेबलंसुद्धा आली नाहीत. शेवटी मी नव्यानं अर्ज केला आणि रांगेत पार शेवटी जाऊन उभी राहिले.

शाळा होती किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि आत चालत जायचं. शाळेच्या मागं एक खोली होती, तिथं मी राहायची. गावात खोली मिळालीच नाही. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली आहे ही बातमी माझ्या आधी गावात पोचली होती. तोंडावर कुणी काही बोललं नाही. सगळे अदबीनं ‘बाई, बाई’ करायचे, फक्त ज्याची खोली बघायला जावं त्याच्याकडं नेमके त्याच आठवड्यात पाव्हणे येणार असायचे. मग हेडमास्तरांनी जुनी बाकं आणि मोडके फळे हलवून ही खोली रिकामी करून दिली. एक ताट, एक तांब्या, एका माणसाचा स्वयंपाक. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसायचं. मी भाकरीशी बोलायची. फुगली तर शाबासकी द्यायची आणि करपली तर तिच्या खानदानाचा उद्धार करायची.

माझे मालक नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून होते. मुलगी त्यांच्याजवळ, म्हणजे खरं तर सासूबाईंजवळ. घरात दीर आणि नणंद मला वैनी म्हणत, म्हणून मुलगीही मला वैनी म्हणायची. सासूबाईंना ते सगळे आई म्हणत, म्हणून तिचीही आई त्याच. असं घरोघरी असतं. लोक हसायचे, मीही त्यांच्यात हसायची. पण महिन्याकाठी एकदा घरी जाऊन दारात चपला काढत असताना आतून ‘आई, वैनी आली’ अशी तिची आरोळी आली की माझी दुसरी चप्पल पायातच राहायची. ती धावत यायची, पिशवीत काय आणलं ते बघायची आणि सासूबाईंच्या मांडीवर जाऊन बसायची. मी परत निघाले की आनंदानं हात हलवायची. एकदा तरी रडावं, असं मला वाटायचं. आपल्याच लेकरानं रडावं अशी इच्छा करणारी मी एकटीच बाई असेन.

त्या जूनला ती पहिलीत जाणार होती. माझं म्हणणं होतं की पहिली माझ्या शाळेत, माझ्या खोलीत, माझ्याजवळ. यावर घरात मोठी खडाजंगी झाली. सासूबाई काही वाईट नव्हत्या. आवाज चढवायच्या नाहीत. भांडण करायचं तर समोरच्यानंच करावं लागे.

“पाणी न्हाई त्या गावाला,” त्या म्हणाल्या. “तू राहतीस ती नोकरीपायी. लेकराला काय नोकरी हाय तिथं?”

खरं तेच बोलल्या होत्या, म्हणून मी जास्तच भांडले. शेवटी मालकांनी मध्ये पडून एवढंच ठरवलं की सासूबाईंनी एकदा लातूरकडं यावं, स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि मग काय ते सांगावं.

आता त्या रेकॉर्डचं सांगायला हवं. मुलगी जेमतेम दोन वर्षांची असताना नांदेडच्या मैदानावर रशियन पुस्तकांची गाडी आली होती. गुळगुळीत कागदाची, भरपूर चित्रांची पुस्तकं, आणि तीही मराठीतून. तिथल्या एका टेबलावर मशीन ठेवून ते लोक रेकॉर्डी वाजवत होते. आम्ही पुस्तकं चाळत असताना एक नाचाचं संगीत सुरू झालं. सुरुवातीलाच दणका, आणि मग दम घ्यायला सवड नाही. मुलगी बापाच्या कडेवरून घसरून खाली उतरली, कमरेवर दोन्ही हात ठेवले आणि एक पाय आपटत गोल फिरायला लागली. रेकॉर्ड संपली की त्या विकणाऱ्या माणसाकडं बघायची. तो हसून पुन्हा लावायचा. लोक पुस्तकं सोडून तिच्याभोवती जमले. आम्ही दोघंही इतके फुशारलो की ती रेकॉर्ड घेऊन टाकली. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, वाजवायची कशावर? हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेजारी रेल्वेत नोकरीला असलेलं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडं मशीन होतं. त्यांच्याकडं रविवारी सकाळी हा कार्यक्रम व्हायचा. मुलगी फिरायची, पडायची, उठायची. मग त्यांची बदली झाली. त्यांना बरी लगेच मिळाली. रेकॉर्ड कपाटावर धूळ खात पडली आणि मी ती एका खेपेला गावी घेऊन आले. तिचं मी काय करणार होते ते मलाही माहीत नव्हतं. पुठ्ठ्यावर त्या संगीतकाराचा फोटो होता. पांढरी दाढी, कोट, आणि डोळ्यांत कसलीतरी खंत. मी तो पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला. जेवताना समोर कुणीतरी असावं म्हणून ताट घेऊन त्याच्यासमोर बसायची.

पोरांनी तो फोटो पाहिला आणि विचारलं, बाई, हे तुमचे आजे का? मी म्हटलं, नाही रे, हा रशियातला माणूस आहे, गाणी बांधायचा. मग त्याची गाणी कशी असतात, असं सगळ्यांनी धरून बसवलं. गावात लग्नाकार्याला लाऊडस्पीकर लावणारा एक मंडपवाला होता. त्याच्याकडं बॅटरीवर चालणारं मशीन होतं. एका शनिवारी त्याला शाळेत बोलावलं.

वाजवण्याआधी मी पोरांना त्या माणसाची गोष्ट सांगितली. रेकॉर्डबरोबर एक छोटी पुस्तिका आली होती, त्यात लिहिलेलं. लहानपणी त्याच्या डोक्यात सारखं संगीत चालू असायचं, ते थांबेना म्हणून तो अंथरुणात रडायचा. पुढं त्याच्या आईनं त्याला लांबच्या शाळेत ठेवलं. ती निघाली तेव्हा तो तिच्या घोडागाडीमागं धावला आणि चाकाला धरून गाडी थांबवायला बघत होता. तिसरीतली एक मुलगी, जिचे आईबाप ऊसतोडीला गेले होते आणि जी मावशीकडं राहायची, ती म्हणाली, “म्या बी पळाले व्हते टरकामागं.” तिनं हे अगदी हजेरी द्यावी तसं सांगितलं. आणखी दोघातिघांनी माना हलवल्या. मी मंडपवाल्याला खूण केली.

दणका झाला आणि पुढं बसलेली पोरं दचकून मागच्यांच्या अंगावर पडली. मग हसायला लागली. मग गप्प होऊन ऐकायला लागली. शेवटी जिथं तो नाच चढतच जातो, चढतच जातो आणि एकदम तुटतो, तिथं चौथीतला एक मुलगा उठून उभा राहिला. “बाई, ही तर हलगी हाय,” तो म्हणाला. त्याचा बाप हलगी वाजवायचा, तेव्हा त्याचं मत बाकीच्यांना पटलं. मलाही पटलं. मग पुठ्ठ्यावरच्या त्या माणसाला आमच्या शाळेत ‘रशियाचा हलगीवाला’ असं नाव पडलं. त्याला ते आवडलं असतं की नाही कुणास ठाऊक.

त्यानंतर दर शनिवारी आमचा नाच सुरू झाला. मला नाच येत नव्हता. लेझीमच्या चार पवित्र्यांत फुगडी मिसळली, कबड्डीत पाय टाकतात तसा पाय टाकायला शिकवला आणि खाली बसून उठायचं एक कसरतीसारखं काहीतरी त्या पुस्तिकेतल्या चित्रावरून घेतलं. पोरांना ते मनापासून आवडलं. मलाही शनिवार आवडायला लागला. एखादी मुलगी कमरेवर हात ठेवून गोल फिरली की मला माझी आठवायची, आणि जूनपासून तीही इथंच फिरेल असं मी मनात धरून चालायची.

त्या वर्षी पाऊस जवळजवळ आलाच नाही. संक्रांतीच्या आधीच विहिरी तळाला गेल्या आणि गावाला टँकर लागला. टँकर यायचा, गावविहिरीत पाणी ओतायचा आणि निघून जायचा. ते पाणी तळाशी मुरायच्या आत शेंदून घ्यायचं. पण टँकरला वेळकाळ नव्हता. सकाळी आला तर आला, नाहीतर दुपार टळून गेल्यावर. बाया रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेलेल्या, पोरं शाळेत, आणि टँकर येऊन गेल्याचं कळेपर्यंत विहिरीत चिखल. पंचायतीनं मग कर्ण्यावर सिनेमाची गाणी लावून वर्दी द्यायला सुरुवात केली. पण लग्नसराई चालू होती. आजूबाजूच्या वस्त्यांवर मंडपात तीच गाणी वाजायची, आणि बाया हातातला हातोडा टाकून पळत यायच्या तर विहिरीवर चिटपाखरू नाही. सरपंचाला बायांनी असं काही फैलावर घेतलं की तो माझ्याकडं आला.

“तुमची ती परदेशी रिकार्ड द्या, बाई,” तो म्हणाला. “ती दुसरं कोन्नी वाजवत न्हाई. वाजली की समजायचं, टँकर आला.”

सांगते, मला त्या वेळी फार अभिमान वाटला. ज्या गावानं मला खोली दिली नव्हती ते गाव माझ्या रेकॉर्डवर पाणी भरणार होतं. मी ती दिली. मंडपवाल्यानं मशीन पंचायतीत नेऊन ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो रशियन नाच गावभर घुमायला लागला. टँकर रिकामा होईपर्यंत माणूस सुई पुन्हा पुन्हा मागं न्यायचा. दोनचार दिवसांत बायांना त्या चालीची वळणं पाठ झाली. पहिल्या दणक्याला घागर उचलायची, चढ लागला की पळायचं. वर्गात शिकवताना कर्णा वाजला की माझ्यासमोरची बाकं क्षणात रिकामी व्हायची. मी अडवायची नाही. मीही खडू ठेवायची आणि माझी घागर घेऊन त्यांच्या मागं जायची. त्या घाईत कुणाची घागर कुणाला लागली हे बघायला कुणाला फुरसत नव्हती. वर्षभर मला भांडं न शिवता वरून पाणी वाढणारी दुकानदारीण माझ्याच दोराला हात लावून शेंदत होती. दुष्काळात एवढं एक बरं झालं.

शनिवारचा नाच मात्र बंद पडला. सराव करायला रेकॉर्ड द्या म्हणून मी सरपंचाकडं गेले तेव्हा त्यानं हात जोडले. रेकॉर्ड वाजली आणि टँकर आला नाही तर बाया त्याला फाडून खातील, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग मी तेलाचा रिकामा डबा घेतला आणि त्याच्यावर ताल धरून, तोंडानं चाल म्हणत पोरांना नाचवायला लागले.

सराव करणं भाग होतं, कारण तोवर आमची निवड झाली होती. नव्या जिल्ह्याला कार्यक्रमांची भारी हौस. शाळाशाळांतून नाच निवडून लातूरच्या मैदानावर मोठा समारंभ ठरला, वरचे साहेब लोक येणार होते. बाकीच्या शाळांची लेझीम आणि कोळीनृत्यं होती. रशियन नाच आमचाच. मी नांदेडला गेले आणि सासूबाईंना म्हटलं, तुम्हाला बघायचंय ना, मग या. गावापर्यंत चालायला नको, लातूरलाच बघा.

त्या तयार झाल्या. “पोरं बघते तिथली,” त्या म्हणाल्या. “पोरं धडधाकट असली की गाव बी बरं असंल. मग जूनला घिऊन जा हिला.”

सासूबाईंच्या तोंडून एवढं निघालं हेच माझ्यासाठी खूप होतं. मी परत आले आणि पोरांना अक्षरशः पिदडून काढलं. बापांच्या जुन्या टोप्या गोळा करून लाल रंगात बुडवल्या. रंगाला पाणी लागतं म्हणून त्या दिवशी मी स्वतः अंघोळ केली नाही. पोरींच्या वेण्यांना रिबिनी आणल्या. ज्यांच्या नाकातून सदा वाहायचं त्यांना रुमाल दिले. सगळे धडधाकट दिसले पाहिजेत, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. रेकॉर्डवर सराव झाला नाही याची काळजी कुणालाच वाटली नाही, मला नाही, हेडमास्तरांना नाही. ती चाल रोजच पोरांच्या कानावर पडत होती, मग आणखी कसला सराव?

समारंभाच्या दिवशी सरपंचानं रेकॉर्ड माझ्या हातात दिली. ट्रकमध्ये पोरं, पोरांच्या आया, हेडमास्तर, मंडपवाला आणि मी असे उभ्यानं लातूरला गेलो. मैदानावर कापडी मंडप, पुढं सोफे, मागं गर्दी. माझी माणसं नांदेडहून आधीच येऊन पोचली होती. मुलगी नव्या फ्रॉकमध्ये सासूबाईंच्या मांडीवर बसली होती. मला बघून तिनं हात हलवला. मी जवळ जाऊन तिच्या गालाला हात लावला, पण आमचा नंबर जवळ आला होता, म्हणून लगेच स्टेजकडं पळाले.

पोरं रांगेत उभी राहिली. लाल टोप्या, कमरेवर हात, पाय तयार. इतकी देखणी दिसत होती की मी सासूबाईंकडं बघितलं. त्याही बघत होत्या, आणि त्यांची मान हलत होती. निवेदकानं रशियाचं नाव घेतलं. मंडपवाल्यानं सुई ठेवली. दणका झाला.

पहिल्या रांगेतली ती तिसरीतली मुलगी, ट्रकमागं पळालेली, तिनं कमरेवरचे हात काढले. डावीउजवीकडं बघितलं. आणि स्टेजवरून खाली उडी मारली. तिच्यामागं दुसरी, मग हलगीवाल्याचा मुलगा, मग सगळीच. मी ‘अरे, अरे’ म्हणेपर्यंत स्टेज मोकळं झालं होतं. मागं गर्दीत त्यांच्या आया उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या दोघीतिघींचे हात घागर घ्यायला खाली गेले आणि घागर नाही हे कळून तसेच राहिले. निवेदक हसला, सोफे हसले, सगळं मैदान हसलं. पोरं मात्र हसण्याकडं न बघता मंडपाच्या कडेनं फाटकाकडं पळाली. आणि तिथं टँकर होताच. साहेब लोकांना धूळ लागू नये म्हणून सकाळपासून मैदानावर पाणी मारत होते, त्याचा. मागच्या नळातून धार गळत होती. पोरांनी डोक्यावरच्या लाल टोप्या काढल्या, धारेखाली धरल्या आणि त्यातून पाणी प्यायला सुरुवात केली. लाल रंग त्यांच्या हनुवटीवरून नव्या सदऱ्यांवर ओघळत होता.

हसणं हळूहळू थांबलं. मला त्या थांबण्याचाही राग आला. आधी हसले कशाला, असं मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं.

रेकॉर्ड चालूच होती. मंडपवाला सुई उचलायचं विसरून तोंड उघडं टाकून फाटकाकडं बघत होता. आणि मोकळ्या स्टेजवर माझी मुलगी उभी होती. सासूबाईंच्या मांडीवरून कधी उतरली, पायऱ्या कशी चढली, कुणालाच कळलं नाही. तिला त्या चालीत टँकर ऐकू येत नव्हता. तिला फक्त नाच ऐकू येत होता, दोन वर्षांची असताना आला तसाच. कमरेवर हात, एक पाय आपटत, गोल. एवढ्या मोठ्या स्टेजवर ती एकटी. तिच्याकडं बघणारी मीच होते, बाकी सगळं मैदान पाठ फिरवून टँकर बघत होतं. चढ लागला तशी ती जोरात फिरायला लागली आणि संपताना धप्पकन खाली बसली. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एकटीच्या टाळ्या मला फार विचित्र ऐकू आल्या.

सासूबाई तोवर टँकरजवळ पोचल्या होत्या. मला वाटलं, आता बोलणार. पण त्या पदरानं एकेका पोराची हनुवटी पुसत होत्या, आणि दम खाऊन प्या, ठसका लागंल, असं सांगत होत्या. सगळ्यांचं पिऊन झाल्यावर माझ्याजवळ आल्या.

“गुणाची हायत गं पोरं,” त्या म्हणाल्या. “पर मी न्हाई धाडत.”

एसटी स्टँडपर्यंत मी भांडत गेले. पोरांना ट्रकमध्ये बसवून हेडमास्तरांच्या हवाली केलं आणि माझ्या घरच्यांमागं चालत राहिले. टँकर काही जन्मभर राहणार नाही, पुढच्या वर्षी पाऊस येईल, माझ्या वाटचं पाणी मी तिला देईन, असं काय काय म्हणत होते. मालक खाली बघत होते. सासूबाई मुलीचं बोट धरून पुढं चालत होत्या. शेवटी मी म्हटलं, आत्याबाई, तिलाच विचारा. ती यायला तयार असेल तर तुम्ही अडवायचं नाही. त्या म्हणाल्या, विचार. मला खात्री होती. त्या स्टेजवर तिचं तोंड मी बघितलं होतं.

मी तिच्यासमोर खाली बसले. “येतीस का माझ्याकडं राहायला?” मी विचारलं. “ती सगळी पोरं हायत तिथं. रोज नाचायचं.”

ती विचार करायला लागली. मग म्हणाली, “वैनी, त्या पोरांला पाणी पुरत न्हाई ना?”

“पुरतं की.”

“न्हाई पुरत. टोपीतून पिली ती.” मग माझी समजूत घालावी तसं तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मी आले तर त्यायला अजून कमी पडंल.”

सासूबाईंनी तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. त्या जिंकल्या होत्या आणि त्यांना ते सहन होत नव्हतं. एवढं शहाणं लेकरू माझं होतं आणि ते मी वाढवलं नव्हतं.

नांदेडची गाडी लागली. मालकांनी खिडकीजवळची जागा धरली आणि मुलगी तिथं उभी राहिली. तिच्या गळ्यात प्लास्टिकची पाण्याची बाटली अडकवलेली होती. तिनं ती मानेतून काढली आणि खिडकीच्या गजांतून माझ्याकडं सरकवली. पट्टा अडकला तो तिनंच सोडवला.

“ही तुला ठेव,” ती म्हणाली. “आमच्याकडं नळाला येतं.”

गाडी गेली. बाटलीत अर्ध्याच्या खाली पाणी होतं. ट्रकमध्ये पोरं माझी वाट बघत थांबली होती, आणि बाटली तशीच नेली असती तर पाणी वाटावं लागलं असतं. मी ते पाणी स्टँडवर उभं राहून एकटीनं पिऊन टाकलं.